आत गेल्यावर नेमकं होतं काय?

पत्र: ताई, नमस्कार. रावपुऱ्यात राहतो, वय 47. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या दिवाळीत बढती मिळाली आणि तेव्हापासून सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगआधी हात गार पडतात, छाती धडधडते. रविवार संध्याकाळपासून घरात चिडचिड सुरू. परवा मुलीसमोर ताटही आपटलं. बायकोने अलकापुरीतल्या एका समुपदेशक बाईंची बुधवारची वेळ घेतली आहे. इकडे एचआर म्हणतंय, कंपनीतर्फे कोचिंगची सहा सेशन्स फुकट आहेत, ती घ्या. आप्पा (वडील, 79) म्हणतात, ही सगळी थेरं आहेत. मला एवढंच विचारायचंय, की तिथे आत गेल्यावर नेमकं होतं काय? लहानपण उकरून काढतात का? बाई गुजराती आहेत, मी मनातलं मराठीतच बोलू शकतो. आपल्या मंडळात कळलं तर? आणि कोच घेऊ, की समुपदेशक, की दोन्ही?
— एक बडोदेकर

उत्तर: भाऊ, बुधवार तोंडावर आलाय, तेव्हा नमस्कार-चमत्कार थोडक्यात आटोपते.

आधी ती धडधड. 47व्या वर्षी छाती धडधडत असेल, तर पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरांना दाखवायचं. ईसीजी, बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, एवढं बघून घ्या. थायरॉइड जास्त काम करायला लागला तरी धडधड होते आणि माणूस चिडका होतो. त्यावर कितीही बोललात तरी बोलून तो खाली यायचा नाही. मात्र रिपोर्ट आले नाहीत म्हणून बुधवार पुढे ढकलू नका, दोन्ही कामं बरोबरीने चालतात. (आणि सोमवारी मीटिंगआधी चहाचे किती कप होतात तेही मोजा. रिकाम्या पोटी तिसरा कडक कप गेला की धडधडायला मीटिंगचीसुद्धा गरज लागत नाही.)

आता आत काय होतं ते. भेट बहुतेक ठिकाणी 45 ते 60 मिनिटांची असते. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतात: चालू औषधं, आधीची आजारपणं, अडीनडीला कुणाला फोन करायचा. सोबत संमतीचा कागद असतो. त्यावर डोळे मिटून सही करू नका. तुम्ही अकाउंट्सवाले, बारीक अक्षर वाचायची सवय आहेच. फी किती, भेट रद्द करायची तर किती तास आधी कळवायचं, नोंदी कुठे ठेवतात, त्या कोण बघू शकतं, गुप्ततेला अपवाद कोणते, हे सगळं त्यात असायला हवं. नसेल तर तोंडाने विचारा. विचारल्यावर बाई नाराज झाल्या, तर तुम्हाला आणखी एक गोष्ट कळली असं समजा.

मग प्रश्न सुरू होतात. झोप लागते का, जेवण जातं का, हे कधीपासून, कशाने वाढतं, कशाने उतरतं, घरात कोण कोण, दारू-तंबाखू किती, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. काही जण छापील प्रश्नावली पुढे ठेवतात. उदासपणासाठी पीएचक्यू-9 म्हणून आहे, तिच्यात नऊ प्रश्न. चिंतेसाठी जीएडी-7, तिच्यात सात. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण असतात, म्हणजे बेरीज फार तर 27 आणि 21. कमी गुण पडले तर बरं दिसेल, या हिशेबाने उत्तरं लिहू नका. नुसत्या बेरजेवरून आजाराचं नाव ठरत नाही. दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला की काही हललंय का ते दिसतं, त्याचा खरा उपयोग तो.

एका प्रश्नाला तुम्ही दचकाल. 'जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?' तुमच्याकडे बघून काही शंका आली म्हणून तो विचारलेला नसतो, सगळ्यांनाच विचारतात. विचारल्यामुळे तसे विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. असेल ते सांगा. आणि एखाद्या रात्री तसं वाटलंच, तर बुधवारची वाट न बघता 14416 फिरवा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

लहानपणाचं म्हणाल, तर ते बाई कोणत्या पद्धतीने काम करतात यावर आहे. तुमच्यासारख्या तक्रारीत पुष्कळ समुपदेशक गेल्या सोमवारपासून सुरुवात करतात. समजा तुम्ही म्हणालात, 'मीटिंगमुळे माझे हात गार पडतात.' त्या विचारतील, किती वाजता? तुम्ही सांगाल, साडेनऊला, पडद्यावर एक्सेलची शीट आली तेव्हा. त्या क्षणी मनात काय आलं? तुम्ही म्हणाल, काही नाही. त्या गप्प बसतील. ही शांतता पहिल्या खेपेला फार लांब वाटते आणि आपण काहीतरी बोलून ती भरायला जातो. भरू नका, बसून राहा. मग कुठून तरी निघेल: 'एक आकडा जरी चुकला तरी सगळ्यांना कळेल, की हा त्या खुर्चीच्या लायकीचा नाही.'

काम इथून सुरू होतं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्या वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ओळखीची आहे. तिचं म्हणणं असं, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली एक धारणा बसलेली असते. शीटवर आकडा चुकणं ही घटना. 'माझा आकडा कधीच चुकता कामा नये' ही धारणा. गार हात हा परिणाम. घटना तुमच्या हातात नाही, धारणेशी मात्र भांडता येतं. ते भांडण तुम्ही करायचं असतं, बाई फक्त बाजू मांडायला लावतात. आकडा चुकलेला याआधी कधी पाहिलाय? कुणाचा? त्याची खुर्ची गेली? तुमच्या हाताखालच्या मुलाचा चुकला तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात? असे प्रश्न ऐकताना सोपे वाटतात, उत्तर देताना कपाळावर घाम येतो.

आणि ही धारणा आली कुठून असं विचारलं, की आप्पा येणारच. वीसपैकी एकोणीस मिळाले तेव्हा 'एक कुठे सांडलास?' म्हणणारे वडील त्या पिढीत घरोघरी होते. (अंदाज करतेय, तुमचे आप्पा तसे नसतील तर सोडून द्या.) तिथवर जायचं का, आणि कधी, हे तुमच्या हातात असतं. 'आज हा विषय नको' म्हणायची पूर्ण मुभा आहे, त्याने बाईंचा काही अपमान होत नाही.

काय होत नाही तेही सांगून ठेवते. 'नोकरी सोडू का?' या प्रश्नाला तिथे हो-नाहीचं उत्तर मिळत नाही. सल्ले द्यायला आम्ही सदरवाल्या बसलोय. समुपदेशक उलट विचारतात, सोडली तर पहिल्या सोमवारी सकाळी काय कराल? पैसे मोजून आपलाच प्रश्न परत घेऊन आलो, असं पहिल्या दोन भेटींत पुष्कळांना वाटतं. तुम्हाला वाटलं तर ते गाडीत बसून बायकोला सांगण्याऐवजी बाईंनाच सांगा. घरी करायला काही दिलं तर करा, बहुधा एक वही देतात: प्रसंग काय, मनात काय आलं, अंगात काय झालं. नाही केलंत तर 'वेळ नव्हता' म्हणून उडवून लावू नका. का नाही झालं यावरही चांगलं अर्धा तास बोलता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर एक-दोन दिवस जड गेले तर घाबरू नका, दाबून ठेवलेलं वर येताना तसं होतं. पण ते जडपण आठवडा आठवडा हटत नसेल तर तेही आत जाऊन सांगायचं.

अशा कामाला साधारण 6 ते 20 भेटी लागतात. चार-पाच भेटींनंतर थांबून विचारा, आपण कुठवर आलो? नाहीच जमलं त्यांच्याशी, तर दुसरीकडे जाता येतं. आपल्याकडे लोक फोन उचलणं बंद करतात, तसं मात्र करू नका. शेवटची एक भेट घेऊन 'मला हे लागू पडत नाहीये' म्हणा. चांगली बाई दुसरं नावही सुचवेल.

भाषेचं म्हणाल, तर आपण बडोदेकर मराठीत रागावतो, गुजरातीत हिशेब करतो आणि ऑफिसात इंग्रजीत गप्प बसतो. सुरुवात गुजरातीत करा. जिथे अडेल तिथे मराठी शब्द तसाच टाका. बडोद्यात राहणाऱ्या गुजराती माणसाला 'धसका', 'घुसमट' अगदीच परके नाहीत, आणि नसले कळले तर त्या विचारतील. समजावून सांगताना तुम्हालाही तो शब्द जरा उलगडेल. तरीही तीन भेटींनंतर आपण अनुवाद करत बसलोय असं वाटलं, तर पुण्या-मुंबईच्या मराठी समुपदेशकांकडे व्हिडिओवर वेळ मिळते.

त्या गुजराती आहेत ही मला तर तुमची सोय वाटते. आपलं मराठी मंडळ केवढं! दांडिया बाजारात कुणी शिंकलं तर मांडवीत पोचेपर्यंत त्याला कुणीतरी काढा सुचवलेला असतो. मराठी बाई असत्या तर त्यांच्या आत्या तुमच्या काकूंच्या भजनी मंडळात निघायची भीती होती. तरी पहिल्याच भेटीत विचारा: आपल्या ओळखीचं कुणी सामाईक आहे का? असेल तर त्या स्वतःहून सांगतील आणि तुम्ही ठरवाल. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर समोरासमोर आलात, तर त्या आपणहून ओळख दाखवणार नाहीत. ते तुटकपणा म्हणून मनाला लावून घेऊ नका, रीतच तशी आहे. तुम्ही हसलात तर त्याही हसतील.

कायद्याचं पाठबळही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 23 मध्ये उपचार घेणाऱ्याचा गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे. अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, कोर्टाने माहिती मागवली, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर, शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. वेळ वहिनींनी घेतली, फी त्यांनी भरली, तरी 'काय म्हणाले हे?' असा फोन त्यांनी बाईंना करायचा नाही. हे त्यांना आजच प्रेमाने सांगून ठेवा. घरी आल्यावर तुम्ही स्वतः किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण 'बरं झालं' एवढं एक वाक्य तरी सांगा, बिचारी दारात उभी असेल.

आता कोच. मला कोचिंगबद्दल आकस नाही. पण ते कुणासाठी आहे ते बघा. कोच पुढचं बघतो: तीन महिन्यांनी काय वेगळं दिसायला हवं, त्यासाठी या आठवड्यात काय करणार, अडेल कुठे. मीटिंग कशी चालवायची, हाताखालच्यांना काम कसं वाटून द्यायचं, वरिष्ठांना 'नाही' कसं म्हणायचं, याला चांगला कोच फार उपयोगी पडतो. गार हात, धडधड, रविवारचा धसका आणि घरातला स्फोट हे त्याचं क्षेत्र नाही. प्रामाणिक कोच हे ऐकल्यावर स्वतःच तुम्हाला समुपदेशकाकडे पाठवेल.

दुसरं, ही सहा सेशन्स फुकट आहेत म्हणजे पैसे कंपनी भरतेय. समुपदेशकाच्या खोलीत दोनच माणसं असतात. कंपनीने नेमलेल्या कोचच्या खोलीत तिसरी खुर्ची एचआरची असते, रिकामी दिसली तरी. पैसे भरणाऱ्याला काय कळणार हे आधी लेखी ठरवून घेण्याची रीत आहे. साधारणपणे किती सेशन्स झाली आणि कोणती उद्दिष्टं ठरली एवढंच वर जावं, बोलण्यातला मजकूर नाही. तसं लिहून देत नसतील, तर तिथे फक्त एक्सेलबद्दल बोला. शिवाय कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. शनिवार-रविवारचं शिबिर करून सोमवारी कोच झालेली मंडळी मी पाहिली आहेत. आयसीएफ या कोचिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या श्रेणी असतील तर निदान सरावाचा अंदाज येतो: एसीसीला किमान 100 तास, पीसीसीला 500, एमसीसीला 2,500 तासांचं कोचिंग झालेलं असावं लागतं.

तेव्हा माझं मत विचाराल तर आधी समुपदेशक. दोन्ही एकदम नको, दोन वेगवेगळे गृहपाठ घेऊन तुम्ही आणखी चिडाल. एचआरला सांगा, पुढच्या तिमाहीत घेतो. का, ते सांगायची गरज नाही.

बाईंची पात्रता विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. समुपदेशक असतील तर मानसशास्त्राची एम.ए. कुठली, समुपदेशनाचं प्रशिक्षण कुणाकडे घेतलं, आणि अडलं तर त्या स्वतः कुणाचं मार्गदर्शन घेतात, हे विचारा. औषधं लिहून देण्याचं काम मात्र मानसोपचारतज्ज्ञांचं, म्हणजे डॉक्टरांचं. गरज वाटली तर बाई तुम्हाला तिकडे पाठवतील, त्याचा अर्थ प्रकरण हाताबाहेर गेलं असा नाही. फी झेपत नसेल तर एसएसजी या आपल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, कारेलीबागेतलं सरकारी मनोरुग्णालयही आहे. त्या रुग्णालयाच्या नावाने आपल्याकडे जी थट्टा चालते ती ऐकून कित्येकांनी उपचारच टाळले, हे मला राग येण्याजोगं वाटतं. आणि 'तीन भेटींत गॅरंटी', चालू औषधं बंद करण्याचा सल्ला, दहा भेटींचं पॅकेज आजच घ्या, इतर लोकांच्या गोष्टी नावानिशी, भेटीबाहेरची दोस्ती किंवा धंद्याची भागीदारी, यातलं काही दिसलं तर उठून या.

आता ज्यावर तुम्ही एकच वाक्य लिहिलंत त्याकडे येते. तुमच्या पत्रात मीटिंग तीन ओळी घेते, ताट एका ओळीत आटोपतं, तेही 'ही' लावून. आपण अशा ठिकाणी जातो तेव्हा सांगायला सोपी गोष्ट पुढे करतो आणि लाज वाटणारी गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत, दाराशी उठता उठता सांगतो. मग बाईंच्या हातात वेळ उरत नाही. तुम्ही बुधवारी पहिल्या दहा मिनिटांत ताटाचं सांगा. काय वाढलं होतं, मुलगी काय म्हणाली, ताट कुठे पडलं, नंतर कोणी उचललं, सगळं. बाईंना तुम्ही वाईट बाप आहात असं वाटेल ही भीती मला दिसतेय. त्यांनी याहून कितीतरी मोठे आवाज ऐकलेत. आणि मुलीशी बोलायला बुधवारची वाट बघायची काही गरज नाही. आज रात्री तिच्याजवळ बसा आणि म्हणा, 'मी ताट आपटलं ते चुकलं. तुझ्यामुळे नव्हतं. मी त्यासाठी एकांकडे जाणार आहे.' पुढे 'पण तूसुद्धा...' असं काही जोडू नका.

आप्पांना सध्या काहीच सांगू नका. 79व्या वर्षी त्यांचं मत फिरवणं हे तुमच्या फीच्या पैशांत बसणारं काम नाही. विचारलंच, तर अलकापुरीत काम होतं म्हणा, खोटंही होत नाही.

बुधवारी दहा मिनिटं आधी पोचा, अलकापुरीत गाडी लावायला तेवढा वेळ जातो. भेटीनंतरचा तासभर मोकळा ठेवा, लगेच ऑफिसचा फोन घेऊ नका. आणि पुढची वेळ मंगळवारची मागून बघा. सोमवारची मीटिंग ताजी असते, शीटवरचा आकडा आणि मनातलं वाक्य दोन्ही नीट आठवतं.